शोधशब्द नेमके कसे ठरवावेत? मदत हवी आहे

नमस्कार. अपुऱ्या झोपेचा किशोरवयीन मुलांच्या स्मरणशक्तीवर काय परिणाम होतो, यावरील लेख मी पबमेड या वैद्यकीय संशोधनलेखांच्या ऑनलाइन शोधसूचीवर शोधत आहे. पूर्ण वाक्य टाकले तर हाती फारसे काही लागत नाही आणि नुसते ‘स्लीप’ टाकले की निकालांचा ढीग पडतो. ‘टीनएजर’ऐवजी पबमेडवरील लेखांना जोडल्या जाणाऱ्या ‘मेश’ या ठरावीक विषयशब्दसूचीतील ‘अ‍ॅडोलसंट’ हा शब्द घेतल्यावर बराच फरक पडला. तिथे त्याची मर्यादा १३ ते १८ वर्षे अशी ठरवून दिलेली आहे, हे मला जरा उशिराच कळले. परंतु केवळ या सूचीवर विसंबलो, तर अद्याप विषयशब्द न जोडलेले नवे लेख निसटतील, अशी शंका वाटते. अशा वेळी समानार्थी शब्द ‘ऑर’ने (OR, म्हणजे ‘किंवा’) जोडून कंसात घालावेत, की शब्दाच्या मूळ रूपाच्या शेवटी तारांकन (*) द्यावे? जाणकारांनी कृपया सांगावे.