फाल्कोनेटी पाह्यली, आता कोण पाहू?

वावरातला_पोट्टा: काल रात्री ओलित कराले गेलो तं मोटर सुरू करून मोबाईलवर १९२८ चा 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' पाह्यला, मूकपट हाय, जोन झालेल्या फाल्कोनेटी बाईचा आवाजच नाई पण डोये भरले की आपल्या पोटात कालवते बाप्पा! कसं जमलं हे तिले?

दंडार_प्रेमी: डायरेक्टर ड्रेयरनं मेकअप लावूच देल्ला नाई न कॅमेरा पार चेहऱ्याजवळ नेला भाऊ, मंग पापणी हालली तरी दिसते. आपल्या दंडारीत (गावच्या लोकनाट्यात) मागच्या माणसाले दिसावं म्हणून हातवारे मोठे करा लागते, इथं ते कामच नाई.

वाशीमची_ताई: दादा, नटी लिलियन गिशचा १९१९ चा 'ब्रोकन ब्लॉसम्स' पाह्य. मारकुटा बाप हस म्हणते तं पोरगी दोन बोटानं ओठाचे कोपरे वर ढकलते, डोये मात्र तसेच भेदरलेले. मले तं हे फाल्कोनेटीहून भारी वाटते.