बिनबियांच्या काकडीत बिया धरत आहेत : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जालना जिल्ह्यात आमच्या शेडनेटमध्ये पार्थेनोकार्पिक, म्हणजे परागीभवनाशिवाय फळ धरणाऱ्या काकडीची लागवड आहे. तोडणी सुरू झाल्यापासून बरीच फळे देठाकडे सडपातळ आणि फुलाकडच्या टोकाला फुगीर निघत आहेत, आणि व्यापारी ती सरळ बाजूला काढतो. फळ उभे चिरले तर देठाकडे निव्वळ गर, बियांच्या जागी पांढऱ्या मऊ पापुद्र्या, आणि फुगलेल्या भागात मात्र नखाला लागतील अशा भरीव बिया दिसतात.

साध्या काकडीत परागकण पडून बीजधारणा झाली की कोवळ्या बियांतून ऑक्झिनसारखी संप्रेरके तयार होतात आणि त्यांच्या जोरावर फळ पोसते. पराग न मिळाल्यास कळी पिवळी पडून गळते, हे आपल्याकडे बीजोत्पादनाच्या प्लॉटवर क्रॉसिंग, म्हणजे हाताने परागीभवन करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आमच्या वाणात ही संप्रेरके परागाविनाच अंडाशयात वाढतात. (पार्थेनोकार्पी हा शब्द फ्रिट्झ नॉल यांनी १९०२ मध्ये वापरला, तोही काकडीवरच्याच अभ्यासात.) मात्र अशा फुलाला पराग मिळालाच, तर बिया धरू शकतात. गावात काही जण मध्ये साध्या वाणाच्या वेली लावायला सांगतात, पण तो नियम बिनबियांच्या कलिंगडाचा आहे. त्याला फळधारणेसाठी साध्या कलिंगडाचा पराग लागतो. इथे त्याने नुकसानच होईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेजारच्या शेतात गावरान काकडी फुलोऱ्यात आहे आणि आमची जाळी एका कोपऱ्यात फाटलेली आहे, त्यामुळे संशय मधमाश्यांवर जातो. शिवाय वाण फक्त मादी फुलांचा असला, तरी ऊन वाढल्यापासून काही वेलींवर तुरळक नर फुलेही दिसू लागली आहेत. दुसरीकडे, पालाश (पोटॅश) कमी पडले तरी काकडी देठाकडे बारीक आणि टोकाला जाड होते, असे जाणकार सांगतात. पण मग भरीव बिया कशा धरल्या, हा प्रश्न उरतो.

माझ्या विचाराने, काही मादी कळ्या उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी कागदी पिशवीने झाकाव्यात. ती फळे सरळ निघाली तर दोष परागाचा, तीही फुगीर निघाली तर खताचा किंवा पाण्याचा, असे धरणे योग्य होईल का? नर फुले रोज खुडणे पुरेसे ठरते, की जाळी पूर्ण बंद होईपर्यंत उपयोग नाही? शेडनेटमध्ये काकडी घेणाऱ्यांनी आपला अनुभव कृपया सविस्तर लिहावा.