प्रति: पाच वर्षांची मर्यादा देशभर सारखी नाही

या विषयावरच्या चर्चेत असे म्हटले गेले की 1996 च्या कायद्याने अमेरिकेत गरीब कुटुंबांच्या रोख मदतीला देशभर एकच पाच वर्षांची मर्यादा घातली. हे अर्धेच खरे आहे. 60 महिन्यांची अट संघ सरकारच्या निधीपुरती आहे, त्याहून कमी मुदत ठरवण्याचा अधिकार राज्यांना आहे आणि काहींनी तो फार कठोरपणे वापरला आहे. अ‍ॅरिझोनाच्या विधिमंडळाने 2015 मध्ये, अर्थसंकल्पाची तूट भरण्याच्या निकडीत, ही मुदत आयुष्यभरासाठी 12 महिन्यांवर आणली. 2017 मध्ये कामाच्या आणि मुलांच्या शाळेतील हजेरीच्या अटी पाळणाऱ्यांना आणखी वर्षभराची मुभा मिळाली.

चर्चेत न आलेली बाब म्हणजे महिने मोजण्याची पद्धत. महिन्यात मिळालेली रक्कम कितीही लहान असो, संघनिधीतून ती दिली गेली की मर्यादेतला पूर्ण महिना खर्ची पडतो. समजा, एखादी आई अर्धवेळ काम करते आणि मदतीतून तिची मिळकत वजा जाता तिच्या हाती मदतीचे जेमतेम चाळीस डॉलर पडतात. तिचाही महिना पूर्ण मदत घेणाऱ्या कुटुंबाइतकाच मोजला जातो. म्हणजे जी कामाला लागली तिची शिदोरी थोडक्याच मदतीत संपते, आणि हे मला सरळ अन्यायाचे वाटते. इलिनॉयने यावर तोडगा काढला होता: आठवड्याला ठरावीक तास काम करणाऱ्या कुटुंबांना राज्याच्या स्वतःच्या पैशातून मदत द्यायची, जेणेकरून ते महिने मोजलेच जाणार नाहीत.