ठाण्यात राहणाऱ्याला फोर बाय फोर हवी कशाला?

कासारवडवलीकर
घाटात जाणार म्हटलं की शोरूमवाले चारही चाकांना ताकद देणारी गाडी पुढे करतात. माझं स्पष्ट मत: ठाण्यातल्या बहुतेक घरांना पुढच्या चाकांवर चालणारी गाडी पुरते. इंजिनाचं वजन त्याच चाकांवर असतं, त्यामुळे ओल्या डांबरावर पकड मिळते. मागे जाणारा शाफ्ट नाही म्हणून गाडी हलकी, ॲव्हरेज जास्त. घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढावर ट्रॅफिकमध्ये रखडताना चार चाकांच्या ताकदीचा उपयोग काय? माळशेजचा रस्ताही डांबरीच आहे. वाचलेले पैसे टायरांवर घाला. खाच १.६ मिमी उरली की टायर कायद्याने बाद, पण पाणी बाहेर फेकायची क्षमता त्याच्या बरीच आधी घटते. आणि ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. फोर बाय फोर जागेवरून जोरात निघते, पण थांबायला तेवढंच अंतर घेते.

मुरबाडची वाट
दादा, शहरापुरतं पटलं. आमची शेती मुरबाडच्या पुढे आहे, शेवटची वाट भातखाचरांच्या कडेने जाते. डिफरन्शियल म्हणजे वळताना चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जुळणी. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक चिखलात फिरायला लागलं की दुसऱ्यालाही जोर मिळत नाही. जिम्नी किंवा फोर बाय फोर थारच्या लो रेंजमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या सावकाश गिअरमध्ये, गाडी अगदी हळू, पण जोर लावून निघते. सासऱ्यांचे गुडघे दुखतात. त्यांना जुलैत त्या वाटेने चालवत नेऊ का?

कासारवडवलीकर
नाही ताई, तुम्हाला ती हवीच. मी बोलतोय ते सोसायटीच्या पार्किंगमधून निघून मॉलच्या पार्किंगमध्ये जाणाऱ्यांबद्दल.

कोपरी पूर्व
मागच्या चाकांवरची गाडी दोघंही विसरलात. २०२३ मध्ये थारसुद्धा तशी आली. चढावर वजन मागे सरकतं, त्यात मागे माणसं आणि डिकीत सामान असेल तर पकड वाढते. उलट पुढच्या चाकांची भरलेली गाडी ओल्या चढावर जागच्या जागी चाकं फिरवते. मात्र रिकामी असताना ओल्या वळणावर मागचा भाग सरकू शकतो, म्हणून ईएससी (घसरताना आपोआप ब्रेक लावून गाडी सावरणारी यंत्रणा) नसलेली घेऊ नका.

वागळे इस्टेट गॅरेज
हात जोडून सांगतो, थार-जिम्नीवाल्यांनी कोरड्या डांबरावर फोर एच, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा मोड, लावू नका. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नसतो. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात आणि तो ताण सगळा गिअरांवर येतो. स्टिअरिंग जड झालं, गाडी अडखळायला लागली, तरी लोक तशीच चालवतात. दुसरं, तुंबलेल्या पाण्यात फोर बाय फोर चालते हा समज धोक्याचा आहे. इंजिनात पाणी शिरतं ते हवा ओढणाऱ्या नळीतून. ती किती उंचावर आहे ते विचारा, आणि विम्यात इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाण्याने इंजिन बिघडलं तर भरपाई देणारी जोड, घ्या.

मुरबाडची वाट
नळीचं कुणीच सांगितलं नव्हतं. डांबर लागलं की टू एचवर, म्हणजे दोनच चाकांच्या ताकदीवर टाकेन. पण गाडी फोर बाय फोरच घेणार, पेट्रोलला दोन पैसे जास्त गेले तरी.