रोजचं वाचन आणि आईची पेन्सिल

प्रश्न: आई गेल्यापासून रोजचं वाचन एकदाही चुकवलं नाही. आज मात्र बायबलातल्या योहान २०:२४-२९ पाशी अडकलो. जखमांना हात लावल्याशिवाय येशू पुन्हा उठला हे मानणार नाही, असं म्हणणारा त्याचा शिष्य थोमा. त्याला सगळे संशयी म्हणून हिणवतात, मला तो जवळचा वाटतो. आईच्या पवित्र शास्त्रात या ओळींशेजारी पेन्सिलीने बारीकसं प्रश्नचिन्ह काढलेलं आहे. तिलाही शंका यायच्या? मला तर प्रार्थनेला शब्दच सुचत नाहीत. हा अविश्वास म्हणायचा का?

उत्तर १: अहो, थोमाने जखमांना हात लावला असं तिथे लिहिलेलंच नाही. पुन्हा वाचा. आणि आठ दिवसांनीही तो शिष्यांमध्येच होता, कुणी त्याला बाहेर काढलं नव्हतं.

उत्तर २: शंका सोडा, प्रार्थना वाढवा.

उत्तर ३: बायबलातच मत्तय २८:१७ पाहा, उठलेल्या येशूला नमन करतानाही काहींना संशय आलाच. शब्द सुचत नसतील तर बायबलातलं स्तोत्र ८८ मोठ्याने वाचा. ते अंधारातच संपतं, दिलासा वगैरे काही नाही. मला त्यानेच बरं वाटलं होतं.

प्रश्नकर्ता: वाढवायला आधी सुरू तर व्हायला हवी! ८८ वाचलं. तिथेही आईची पेन्सिल आहे. शेवटच्या ओळीखाली दोनदा रेघ, कागद फाटेल इतकी दाबून.