स्मॅशरचा खांदा आत कमी वळतो, ताणाचे व्यायाम द्यावेत का?

प्रश्न:
आमच्या व्हॉलीबॉल संघातील सतरा वर्षांच्या मुख्य स्मॅशरचा उजवा खांदा, दंड बाजूला काटकोनात ठेवून तपासला असता, डाव्यापेक्षा 15 अंशांनी कमी आत वळतो. वेदना नाही, फटक्याचा जोरही उतरलेला नाही. तरीही ताणाचे व्यायाम सुरू करावेत का?

उत्तर (क्रीडा फिजिओथेरपिस्ट):
एवढ्यावरून ठरवू नये. खांदा बाहेर किती वळतो तेही मोजावे. दंडाच्या हाडाला जन्मतः मागच्या बाजूला अधिक पीळ असतो आणि तो वाढीच्या वयात कमी होत जातो, पण लहानपणापासून एकाच हाताने फेक किंवा स्मॅश करणाऱ्यांत तो त्या हाताला पुरेसा उतरत नाही. म्हणून त्यांचा खांदा बाहेर जास्त आणि आत कमी वळतो. हा फरक हाडातलाच असल्याने ताणाने जात नाही, आणि तो घालवण्याची गरजही नसते. आत आणि बाहेर वळण्याच्या अंशांची बेरीज उजवीकडे डावीकडच्यापेक्षा 5 अंशांहून अधिक कमी भरली, तर मात्र खांद्याच्या मागच्या भागातील आखडलेपणाचा संशय घ्यावा आणि हात छातीवरून आडवा ओढण्याचा व्यायाम द्यावा. मोजणी सरावापूर्वीच करावी, कारण सरावानंतर आत वळणे तात्पुरते घटते. मोजताना खांद्याचे पाते हाताने दाबून स्थिर धरावे, नाहीतर पातेच पुढे कलते आणि आकडा फसवा येतो.

उत्तर (प्रशिक्षक):
माझ्या मते अंशांइतकीच ताकदही पाहावी. फटक्यानंतर वेगाने पुढे जाणाऱ्या हाताला आवर घालण्याचे काम खांदा बाहेर वळवणारे स्नायू करतात. त्यांची ताकद आत वळवणाऱ्या स्नायूंच्या निदान दोन तृतीयांश असावी, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आपल्याकडे सगळा भर बेंच प्रेसवर, म्हणजे छातीच्या, हात आत वळवणाऱ्या स्नायूंच्या व्यायामावर असतो, हे खेदाने नमूद करावे लागते.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. उजवीकडे बाहेर 104 व आत 50, तर डावीकडे 90 व 65, म्हणजे बेरीज जवळपास सारखीच आहे. मात्र उजवा हात बाहेर वळवण्याची ताकद स्पष्टपणे कमी आहे आणि त्या बाजूच्या पात्यावर खळगा दिसतो.

उत्तर (क्रीडा फिजिओथेरपिस्ट):
मग ताण देण्याचा प्रश्न मागे पडतो. पात्याच्या कडेवरून जाणाऱ्या मज्जातंतूवर दाब येऊन तेथील स्नायू वेदनेविना झिजल्याचे व्हॉलीबॉलपटूंत अनेकदा आढळते, त्यामुळे खेळ उत्तम चालू असूनही ही बाब बरीच उशिरा लक्षात येते. त्याला अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. ते आवश्यकतेनुसार मज्जातंतूची चाचणी व एमआरआय करून घेतील. तोपर्यंत स्मॅश आणि जोरदार सर्व्हिसचा सराव कमी ठेवावा.