पुतण्याला बेसबॉलमधे पिचर व्हायचंय, खरंच करिअर होतं का याच्यात?

चोपडा_रिवाइंडिंग

राम राम मंडळी. मी चोपड्याचा, मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही हे आधीच सांगून टाकतो. मोठ्या भावाचा पोऱ्या सोळा वर्षांचा, अकरावीला आहे. आधी भालाफेक करायचा, मग शाळेतल्या सॉफ्टबॉलच्या पोरांसोबत राहून राहून बेसबॉलमधे घुसला आणि आता डोक्यात एकच, पिचर (म्हणजे बेसबॉलमधला बॉल टाकणारा) व्हायचं आणि अमेरिकेत खेळायचं. दादा केळीवाला माणूस, तो म्हणतो केळीच्या कांदेबाग लागणीला माणसं मिळत नाहीत आणि हा दिवसभर बॉल फेकत बसतो.

मळ्यात दोन निंबाच्या झाडांमधे गोणपाट बांधलंय, त्याच्यावर चुन्याने चौकोन काढलाय. अंतर माझ्याच दुकानातल्या टेपने मोजलं, 60 फूट 6 इंच, आणि उभं राहायला 10 इंचाचा मातीचा उंचवटा केलाय, तोसुद्धा पट्टी लावून. कॅचर कोण तर मी. जुने विकेटकीपिंगचे ग्लोव्हज घालून बसतो आणि डाव्या हाताचा अंगठा असा सुजलाय की चार दिवस झाले वाइंडिंग भरता येत नाहीये, गिऱ्हाईक बोंबलतंय.

रोज दीडशे बॉल तरी टाकतो, रविवारी दोनशेच्या वर, शिवाय गावच्या टीममधे क्रिकेटची बॉलिंग आहेच आणि भालाही सुटलेला नाही. रात्री वहिनी कोपराला बाम चोळून देते, तो म्हणतो काई नही व्हयनं, सवय होतेय.

तर प्रश्न असा की याच्यात पुढे काय असतं, पैसा किती, आपल्याकडून कोणी गेलंय का आणि दादाला मी काय सांगू?

गोफणगुंडा

काय भो, आपल्याकडे ज्वारीच्या माळ्यावर बसून गोफणीने पाखरं हाकलणारा प्रत्येक माणूस पिचरच होता की, फक्त पगार नव्हता 😄

आता सिरियस. गेलेत ना, दोघं गेलेत. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. क्रिकेटवाला षटकार मारणारा रिंकू नाही बरं का, हा वेगळा. दोघंही यूपीचे आणि दोघंही तुमच्या पुतण्यासारखे भालाफेकवाले. 2008 ला भारतात मिलियन डॉलर आर्म नावाची स्पर्धा झाली होती, जो सगळ्यात जोरात आणि नेमका बॉल फेकेल तो जिंकला. रिंकूने 87 मैल म्हणजे ताशी 140 किलोमीटरने टाकला आणि एक लाख डॉलर घेतले, त्या स्पर्धेआधी त्याने बेसबॉल हातात धरलेला नव्हता. मग कॅलिफोर्नियात टॉम हाउस नावाच्या कोचने काही महिने घासून घेतलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन टीमने दोघांना करारबद्ध केलं. म्हणजे भाल्यावरून बेसबॉलला जाता येतं, हे काही हवेतलं नाही.

एरंडोलचा_जुना_पिचर

गोफणगुंडा भाऊ, पुढचं पण सांगा की, तिथेच थांबलात. दिनेश 2010 ला घरी आला. रिंकू खरंच चिकट निघाला, 2009 पासून खालच्या म्हणजे मायनर लीगमधे खेळत खेळत 2012 ला वेस्ट व्हर्जिनिया पॉवर नावाच्या टीमकडून खेळला, पण तीसुद्धा लो-ए म्हणजे मेन लीगच्या (मेजर लीग) चार पायऱ्या खाली. 2013 पासून दुखापतींनी त्याला उभं राहू दिलं नाही. शेवटी 2018 ला कुस्तीवाल्या डब्ल्यूडब्ल्यूईत गेला, पुढे तिथे वीर महान नाव घेतलं. असो.

चोपडा भाऊ, तुम्ही विचारलंय करिअरचं पण मला तुमच्या पोस्टमधे एकच शब्द दिसला, बाम. कोपर कुठे दुखतंय? बाहेरच्या बाजूला का आतल्या, जिथे हात खाली सोडला की कोपर बरगडीला लागतं तिथे? आतल्या बाजूला असेल तर आजपासून बॉल बंद, आजपासून म्हणजे आजपासून, रविवारची मॅच झाल्यावर नाही.

तिथे एक लिगामेंट असतं, यूसीएल म्हणतात, दोरीसारखं, लांबीला जेमतेम करंगळीच्या एका पेराएवढं. पिचर हात मागे नेऊन पुढे झटका देतो तेव्हा सगळा ताण त्याच्यावर येतो. स्नायू मजबूत करता येतो पण या दोरीला जिम लावता येत नाही, ती रोज थोडी थोडी विरते आणि मग एका दिवशी तुटते, आणि त्या दिवशी टाकलेला बॉल काही वेगळा नसतो हो, नेहमीचाच असतो.

मी विद्यापीठाकडून खेळलो, त्यामुळे फुकटचं ज्ञान देत नाहीये. आमचे सर (नाव नको) म्हणायचे दुखतंय म्हणजे हात तयार होतोय. एकोणिसाव्या वर्षी एका सकाळी दात घासायला ब्रश वर नेला तर करंगळी आणि शेजारचं बोट बधिर. आता चाळिशीला आलोय, अजून उजवा हात पूर्ण सरळ होत नाही, बायको म्हणते फोटोत तुम्ही कायम कमरेवर हात ठेवल्यासारखे का दिसता.

अमेरिकेत या दोरीच्या ऑपरेशनला एका पिचरचंच नाव आहे, टॉमी जॉन. डावखुरा, लॉस एंजेलिस डॉजर्सचा. 1974 च्या जुलैत मॅच चालू असताना कोपर गेलं, सप्टेंबरात डॉ. फ्रँक जोबने त्याच्या उजव्या मनगटाकडची एक शीर (टेंडन हो, आपण शीरच म्हणतो) काढून डाव्या कोपरात हाडाला भोकं पाडून ओवली. तोपर्यंत असं कोणी केलं नव्हतं. अख्खं 1975 घरी बसला, 1976 ला परत आला आणि 1989 पर्यंत खेळला, वयाच्या 46 व्या वर्षापर्यंत! एकूण 288 विजय (टीम जिंकली की तो विजय एका पिचरच्या नावावर लागतो), त्यातले 164 ऑपरेशननंतरचे. त्याच्या आठच वर्षं आधी त्याच टीमचा सँडी कोफॅक्स, त्याच हाताचा, 1966 ला सीझनमधे 27 विजय घेऊन तिसाव्या वर्षी रिटायर झाला, कारण कोपराचा संधिवात आणि तेव्हा इलाज नव्हता.

आता याच्यातून काही आईबाप असा अर्थ काढतात की ऑपरेशन केलं की हात नवा होतो आणि स्पीड वाढतो. चूक. तुमच्याच धंद्यातलं सांगतो, जळालेली मोटर रिवाइंड होते पण चांगली मोटर मुद्दाम जाळून कोणी रिवाइंडिंगला आणतं का तुमच्याकडे? नंतर वर्ष-दीड वर्ष बसावं लागतं ते वेगळं.

आकडा लिहून घ्या. मेजर लीगवाल्यांनीच 2014 ला पोरांसाठी पिच स्मार्ट नावाचे नियम काढलेत, 15-16 वयाला एका दिवसात मॅचमधे जास्तीत जास्त 95 बॉल, आणि 76 च्या वर गेलं की पुढचे चार दिवस मॅचमधे पिचिंग नाही. वर्षातून निदान चार महिने पिचिंग बंद आणि त्यातले दोन-तीन महिने सलग खांद्यावरून काहीही फेकायचं नाही. काहीही म्हणजे भाला पण आला त्याच्यात. मोठ्या लीगचा पगारी पिचर सुद्धा साधारण शंभर बॉल टाकून चार-पाच दिवस बसतो. तुमचा पोऱ्या रोज दीडशे, वरून भाला, वरून क्रिकेट. तीन खेळ आहेत पण कोपर एकच आहे ना भो.

भुसावळ_ते_ओहायो

मूळचा भुसावळचा, रेल्वे क्वार्टरमधे वाढलो, आता बरीच वर्षं डेटनजवळ राहतो. इथे डेटन ड्रॅगन्स नावाची मायनर लीगची टीम आहे, हाय-ए म्हणजे लो-ए च्या एक पायरी वरची, मेजर लीगमधल्या सिनसिनाटी रेड्सच्या हाताखालची. आम्ही पोरांना घेऊन जातो, तिकीट स्वस्त. पैशाचं विचारलंत म्हणून सांगतो, 2023 च्या करारात लो-ए ला वर्षाला 26,200 डॉलर आणि मायनर लीगमधल्या अगदी वरच्या ट्रिपल-ए ला 35,800 ठरले, त्याच्या आधी याच्या निम्मेसुद्धा नव्हते. रुपयात गुणून खुश होऊ नका, इथे त्यात भागत नाही, पोरं हिवाळ्यात दुसरी कामं करतात. आणि मेन लीगमधे पाय टाकला की किमान पगार 2024 ला 7 लाख 40 हजार डॉलर. मधे फारसं काही नाही, एकदम शिडीवरून गच्ची. म्हणून सगळे शिडीवरच लटकलेले असतात.

एक बघितलेलं सांगतो. मॅच संपल्यावर आम्ही पार्किंगमधे होतो, तिथल्या एका पिचरची बॅग उघडी होती, कपडे कमी आणि रबरबँड, बर्फाच्या पिशव्या, चिकटपट्ट्याच जास्त. खांद्याला कोपराला बर्फ बांधून तो डाव्या हाताने बर्गर खात होता. माझ्या पोराने सही मागितली तर डाव्याच हाताने केली, ती सही आम्हाला अजून वाचता आलेली नाही.

पण दादांना अगदीच नाही म्हणू नका. मारियानो रिवेरा पनामाचा, बाप मासेमार, लहानपणी दुधाच्या पुठ्ठ्याचा ग्लोव्ह करून खेळलेला माणूस. तो मुख्यतः एकाच बॉलवर, कटरवर (जोरात येऊन शेवटी जरासा वळणारा बॉल), 652 सेव्ह (म्हणजे शेवटी येऊन टीमची आघाडी टिकवणं) घेऊन गेला. आणि जेमी मोयर, त्याचा स्पीड ताशी 130 किलोमीटरच्या आतबाहेर, आपल्याकडचे मीडियम पेसर टाकतात तेवढा, तरी 269 विजय, आणि 2012 ला 49 व्या वर्षी मॅच जिंकला. तोसुद्धा टॉमी जॉन ऑपरेशन करून आल्यावर! त्यामुळे पुतण्याला म्हणावं गोणपाट फाटलं का नाही ते बघू नको, दहापैकी किती चौकोनाच्या खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात लागले ते मोज.

सरळसोट_धुळे

सगळे अमेरिकेत पोचले, छान. भाऊ आधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जा, शालेय स्पर्धेची सर्टिफिकेटं जपून ठेवा आणि खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणात आत्ताच्या जीआरप्रमाणे कोणता खेळ कोणत्या लेव्हलला बसतो ते कागदावर बघून घ्या, तोंडी कोणाचं ऐकू नका. माझ्या चुलतभावाचं सर्टिफिकेट पडताळणीत अडकलं होतं, दोन वर्षं खेटे. बाकी 2028 ला लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधे बेसबॉल आहे आणि क्रिकेट पण आहे, एवढं दादांना ऐकवा, थोडे नरमतील.

चोपडा_रिवाइंडिंग

सगळ्यांचे आभार, एरंडोलकर भाऊंचे जास्त. काल संध्याकाळी पोऱ्याला समोर बसवलं, कोपर आतून नुसतं दाबलं तर हात काढून घेतला आणि डोळ्यात टचकन पाणी. मग सगळं बाहेर आलं, दीड महिन्यापासून दुखतंय, बोटांना मुंग्या पण येतात, सांगितलं तर बाबा बंद करतील म्हणून गप्प. बाम तर नुसता आईचं समाधान म्हणून. सोमवारी जळगावला हाडाच्या डॉक्टरकडे नंबर लावलाय, दादाच घेऊन जातोय. मला वाटलं दादा म्हणेल बरं झालं, तर तो म्हणाला किती दिवसात परत टाकता येईल ते विचारून घेऊ.

एरंडोलचा_जुना_पिचर

मुंग्या येतात हे डॉक्टरांना नक्की सांगा, ती नस वेगळी असते, बाजूनेच जाते. आणि घाबरू नका, या वयात लवकर पकडलं तर बऱ्याचदा आराम आणि व्यायामावर भागतं. एक गंमत म्हणून बघा, अंगठा आणि करंगळी टेकवून मनगट जरा आत वाकवा, मधोमध जी शीर उठते तीच त्या ऑपरेशनला बऱ्याचदा वापरतात. काही लोकांना ती जन्मतःच नसते, काही बिघडत नाही.

चोपडा_रिवाइंडिंग

आख्ख्या घराने जेवता जेवता बघितलं, भाकरी बाजूला ठेवून. पोऱ्याला दोन्ही हातांना आहे, मला आहे, वहिनीला एकाच हाताला आहे, दादाला नाहीच. दादा तेव्हापासून सारखं मनगट बघतोय.

बॉल कपाटात, चावी वहिनीकडे. पण आत्ता मळ्यात गेलो तर पठ्ठ्या गोणपाटासमोर उभा राहून डाव्या हाताने टेनिस बॉल टाकत होता, दहातले दोन लागत होते. घरी अजून सांगितलेलं नाही.